बाकेचा लाल

बाकेच्या हातचा लाल रंग निक्की गावाच्या बाजारात लांबून ओळखू यायचा आणि तिची जीभ त्याहून लांबून ऐकू यायची. दोन्हींचा तिला सारखाच अभिमान.

कणसं खुडून झाली की शेतात उरलेल्या धांड्यांना कोण विचारतं? गुरं चघळतात, बाकीचं जळून जातं. पण लाल ज्वारीच्या धांड्याला जी पात घट्ट लपेटून असते, ती बाके सोलून आणायची, कुटायची, राखेच्या पाण्यात मुरवायची. त्या कचऱ्यातून निघालेल्या लालाची झूल अंगावर नसेल, तर गानीच्या सणाला घोडा रस्त्यावर आणायची स्वारांना लाज वाटायची.

यंदा मात्र रंग रुसला. वोरू नावाच्या स्वाराच्या घोड्याची झूल तिने मडक्यातून काढली ती मळकट तपकिरी, उकळून विसरलेल्या चहासारखी. पुन्हा बुडवली, पुन्हा काढली. तसाच चहा.

आधी तिने मुलाला धरलं. "साबी, कुठलं बियाणं पेरलंस? ही ज्वारी लाल म्हणायची की आजारी?"

"तेच बियाणं आहे, आई. घरचंच. आणि झूल लाल झालीये की."

"मला खूश करायला लाल म्हणू नकोस. जेवायला मिळेल तसंही."

मग सून. झेनाबू बिचारी चुलीपाशी उभी राहायलाही भ्यायची. "राख कसली घातलीस? ओल्या लाकडाची?"

"वाळलेल्या लाकडाचीच, आई. रंग छान आलाय."

"तुझ्या माहेरी याला छान म्हणत असतील."

झेनाबू गप्प झाली. त्या घरात गप्प बसायला सगळे शिकले होते, आणि शिकवलं होतं बाकेनेच. त्यामुळे आता कुणी लाल म्हटलं तरी तिला वाटायचं, भीतीने म्हणतायत.

बियाणं तेच, राख तीच. मग उरलं काय? हात. रंगारणीचा हात एक दिवस उतरतो, हे तिच्या आईने सांगितलं होतं. आईचा उतरला तेव्हा तिने मडकं घरामागे पालथं घातलं आणि पुन्हा कधी चूल पेटवली नाही. बाके मडक्याकडे बघत बसली. झूल उद्या द्यायची. तपकिरी घोडा बघून सगळी निक्की काय म्हणेल, ते तिला आत्ताच ऐकू येत होतं, कारण दुसऱ्या कुणाचं असतं तर ते तीच म्हणाली असती.

तेवढ्यात डिक्को आली. फुलानी बाई, गुरांमागे हिंडणाऱ्यांतली. रुईच्या चिकाने दूध फाडून पनीरचे गोळे करायची आणि ते टिकावेत, दिसावेत म्हणून याच पातीच्या पाण्यात उकळायची. दर वर्षी पात मागायला यायची आणि बाकेशी भांडून जायची. दोघींचं जमायचं ते एवढ्यासाठीच.

"आली गाय हाकणारी," बाके म्हणाली. "यंदा सगळीच घेऊन जा. मी मडकं पालथं घालतेय."

"का? कुणी मेलं?"

"माझा हात. ही बघ झूल."

डिक्कोने झूल उलगडली, उन्हात धरली, मग बाकेच्या तोंडाकडे पाहिलं. "भांगबिंग घेतलीस का म्हातारे? हिला वाईट म्हणतेस?"

"तपकिरी आहे."

"लाल आहे."

"तूही खोटं बोलायला लागलीस? तू तर मला घाबरत नाहीस."

"तुला घाबरायचं म्हणजे कोंबडीलाही घाबरायला हवं." डिक्कोने टोपलीवरचं फडकं काढलं आणि एक न रंगवलेला गोळा बाकेच्या पुढ्यात धरला. "हा कसला दिसतो?"

"पिवळट. शिळा."

"सकाळचं दूध आहे, बाई. कापसासारखा पांढरा आहे." डिक्को जवळ सरकली, बाकेची हनुवटी धरून तिचं तोंड उजेडाकडे वळवलं. "अगं, तुझ्या बुबुळावर दुधावरच्या सायीसारखं काहीतरी धरलंय. दोन्हींवर. माझ्या चुलतीला असंच होतं. शहरात जाऊन काढून आली, आता माझ्या डोक्यातल्या उवाही मोजते."

मुलगा आणि सून दारात उभे होते. त्यांना वाटलं, आता टोपली उडणार.

बाके हसायला लागली. आधी हळू, मग खांदे हलवत, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "डोळाच का? नुसता डोळा?" ती म्हणाली. "मेली मी तर हातासाठी रडत होते."

"डोळा जातोय आणि हसतेस?"

"डोळा काढून साफ करून देतात म्हणालीस ना आत्ता? हात कोण साफ करून देतं?"

तिने झूल मांडीवर ओढून घेतली, तळव्याने चाचपली. मग मान वर केली. "झेनाबू, इकडे ये. कसला लाल आहे सांग."

"छान लाल आहे, आई."

"छान माझ्या चुलीत घाल. कसला?"

झेनाबूने साबीकडे पाहिलं, मग डिक्कोकडे. कापड हातात घेऊन उन्हात फिरवलं. "नुकत्या कापलेल्या बकऱ्याच्या काळजासारखा. पण या कोपऱ्यात फिका आहे," ती जरा थांबून म्हणाली. "तुम्ही हा कोपरा नीट बुडवला नाहीत."

साबीने डोळे मिटून घेतले.

"नाही बुडवला?" बाके म्हणाली. "मग उभी काय राहिलीस? चूल पेटव. आणि डिक्को, तू जेवल्याशिवाय जायचं नाहीस. उकडलेला कंद कुटलाय. तुझ्या शिळ्या पनीरबरोबर खाऊ."