गवत्याचे डोळे

रंभाबाईंची जीभ डोक्याच्या दोन पावलं पुढं चालायची. लकडगंजात हे सगळ्यांना ठाऊक होतं. वामनरावांना तर लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच कळून चुकलं होतं. पण एकाहत्तर सालच्या श्रावणात त्या जिभेनं जो घोळ घातला, तो निस्तरायला रंभाबाईंना घरात साप ठेवावा लागला. आणि साप म्हटलं की पलंगावर उभी राहून मारोतीचं नाव घेणारी ही बाई!

झालं असं. वामनरावांची लाकूड चिरायची आरा मशीन रस्त्याच्या तोंडाशी, तिच्या मागं घर, आणि अंगणाच्या कोपऱ्यात गाय. गाईसाठी म्हातारा कवडू रोज पारडीकडून गवताचा भारा आणायचा. नागपंचमी होऊन आठवडा झाला होता. चार दिवसांच्या झडीनंतर त्या सकाळी कडक ऊन पडलं होतं. सून अरुंधतीनं भाऱ्याची दोरी सोडली आणि गवतातून वीतभर लांबीचं हिरवं पिल्लू फरशीवर पडलं. ती वाकली, तशी तिची सावली पिल्लावर पडली. पिल्लू जागचं हललं नाही.

"आई, याचे डोळे पाहा ना. दोन्ही पांढरे आहेत."

रंभाबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. सूप टाकून त्या ओरडल्या, "सरक वं मागं! पोटुशी बाईची सावली पडली का साप आंधळा होते. घे, झाला आंधळा!"

बोलून झालं आणि मग त्यांना आठवलं. आदल्या वर्षी अरुंधतीचं पहिलं बाळ तिसऱ्या महिन्यात गेलं होतं. भेटायला आलेली एक चुलत नणंद तिच्या देखत म्हणाली होती, "हिची सावलीच जड आहे बापा." रंभाबाईंनी तिला चहाही न देता वाटेला लावलं होतं. आणि आज, पाचवा महिना सुखानं चालू असताना, तेच त्यांच्या तोंडून गेलं होतं.

अरुंधतीचा चेहरा पडला.

"गवत्या हाय बाई," कवडू म्हणाला. त्याची नजर अधू होती, गवतातला हिरवा रंग तेवढा त्याला कळला. "गरीब जनावर. याले जहर नसते. आणा, धुऱ्यावर, बांधाच्या गवतात सोडून देतो."

"नाही," अरुंधती म्हणाली. आत जाऊन तिनं चहाच्या पत्तीची रिकामी पेटी आणली. "आंधळं जनावर कुठं जाईल? कावळे टोचून खातील. माझ्यामुळं झालं, मीच सांभाळीन."

वामनरावांनी दुपारी जेवायला आल्यावर पेटी पाहिली आणि त्यांचा घास हातातच राहिला. "घरात पोटुशी बाई, अन् ओसरीवर साप! लोक काय म्हणतीन? उद्याच्या उद्या बाहेर काढा." पण सुनेच्या तोंडाकडं पाहून ते नरमले. संध्याकाळी स्वतःच जुन्या जाळीच्या कपाटाचं दार काढून त्यांनी झाकणासारखं पेटीवर बसवलं. उद्याची गोष्ट शनिवारवर गेली. मौद्याच्या शाळेत मास्तर असलेला मुलगा, वसंत, शनिवारी यायचा. तो आला की पेटी उचलेल असं ठरलं.

दोन दिवसांत रंभाबाईंच्या एक गोष्ट ध्यानात आली. अरुंधती उन्हातून सरळ चालेनाशी झाली होती. वासरू अंगणात बसलेलं असलं की ती भिंतीच्या कडेनं वळसा घ्यायची. तुळशीला पाणी घालायला ती ऊन यायच्या आत जायची. शेजारच्या शोभाताई तान्ह्या नातवाला तेल लावून कोवळ्या उन्हात घेऊन बसायच्या. अरुंधतीला त्या बाळाचं भारी वेड, पण आता ती लांबूनच हसून परत फिरायची. पाऊल टाकण्याआधी सावली कुठं पडते ते पाहायची. जेवणही पाखराएवढं झालं होतं. रंभाबाईंना हे पाहवेना. पोटची लेक नव्हती त्यांना, ही आल्यापासून ती उणीव त्या विसरल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी त्यांनी कवडूला धरून पेटीपाशी नेलं. पेटीपासून चार हात लांब उभं राहून म्हणाल्या, "नीट डोळे लावून पाहा बरं कवडूजी. खरंच गेले का याचे डोळे?"

कवडू जाळीला नाक लावून बसला आणि हसायला लागला. "आंधळा कायले होते बाई! कात टाकाले आला हा. कात टाकाच्या अगोदर डोळ्यावर अशीच साय येते. चार-सहा दिवसांत पायजा, कसा लख्ख होते तं."

रंभाबाई धावतच स्वयंपाकघरात गेल्या आणि एका दमात सगळं सांगून मोकळ्या झाल्या. अरुंधती पोळी लाटत होती. ऐकून ती हसली. मोठ्या माणसाचा मान राखायला हसतात, तसं.

"मले बरं वाटावं म्हणून सांगून राहिल्या ना आई? मागच्या वर्षी पण सगळे असंच सांगत होते."

ज्या तोंडानं आंधळा म्हटलं, त्याच तोंडानं डोळस म्हटलं तर कोण विश्वास ठेवणार?

शनिवारी वसंत आला आणि बापाच्या सांगण्यावरून पेटीला हात घालू लागला. तशा रंभाबाई कमरेला पदर खोचून मधे उभ्या राहिल्या. "पेटी हलवाची नाही. ज्यानं हलवली, त्यानं आपल्या पोळ्या आपण लाटून घ्याव्या."

"अवं, पण तूच तं पलंगावर चढून बसते!" वामनराव म्हणाले.

"मंग बसतो. साप आज गेला, तं पोरीच्या मनात तो जलमभर आंधळाच राहीन."

नंतर वामनरावांना नालीच्या काठानं लोटा घेऊन बारके बेडूक शोधताना सगळ्या आळीनं पाहिलं. आरा मशीनचे मालक, धोतर गुडघ्यापर्यंत वर! गवत्यानं मात्र बेडकांकडं ढुंकून पाहिलं नाही. तो पेटीत ठेवलेल्या दगडाच्या आडोशाला पडून राहिला, मळकट आणि मलूल. रंभाबाईंना धसका बसला. हा पेटीतच मेला तर? मग अरुंधतीची समजूत ब्रह्मदेवालाही घालता आली नसती. उजाडायच्या आधी त्या उठायच्या, पेटीकडं एक पाऊल, मग दुसरं, असं करत जाळीपाशी पोचायच्या आणि म्हणायच्या, "टाक रे बाबा, टाक लवकर. माह्यासाठी नको, तिच्यासाठी टाक." सोमवारी डोळ्यांवरची साय विरल्यासारखी वाटली, पण त्या कुणाला बोलल्या नाहीत. स्वतःच्या जिभेवरचा त्यांचा विश्वासच उडाला होता.

गुरुवारी पहाटे त्यांनी पाहिलं तर दगडाला पातळ पांढरी कात अडकलेली, आणि बाजूला गवत्या, नव्या कोंबासारखा हिरवागार. डोळे काळे कुळकुळीत. रंभाबाईंच्या तोंडात हाक आली. ती त्यांनी दोन्ही हातांनी दाबून धरली. चूल पेटवली, चहा ठेवला, अंगण झाडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा एक बातमी तासभर पोटात ठेवली.

अरुंधती उठली. सवयीप्रमाणे पेटीपाशी गेली आणि तिथंच खाली बसली. जाळीवरून तिनं बोट हळूच डावीकडं नेलं. इवलंसं डोकं डावीकडं वळलं. उजवीकडं नेलं, तर उजवीकडं. तिनं जाळी उघडून कात तळहातावर घेतली. डोळ्यांच्या जागी कातीला दोन बारीक पारदर्शक काचा होत्या. एवढासा तो पडदा, आणि त्यापायी तिनं नऊ दिवस ऊन टाळलं होतं. ती रडायला लागली. रंभाबाई तिला जवळ घेऊन बसल्या आणि चहा उकळून उकळून आटून गेला.

"आई, ठेवू या का याले? आता सवय झाली मले."

रंभाबाईंना हो म्हणायचा मोह झाला. त्या क्षणी तिनं नागोबा मागितला असता तरी त्यांनी आणून दिला असता. पण त्या म्हणाल्या, "आंधळा होता तोवर सांभाळला पोरी. आता त्याले दिसते. ज्याले रान दिसते, त्याले पेटीत काहून ठेवाचं?"

दुपारी चारला सासू-सून रिक्षात पेटी घेऊन पारडीला निघाल्या. कवडू धुऱ्याच्या तोंडाशी वाट पाहत होता. पेटी आडवी केल्यावर गवत्या बाहेर आला, मान उचलून क्षणभर थांबला आणि सरळ गवतात शिरला. कुठंही ठेचकाळला नाही. अरुंधती मात्र तेव्हाही दोन हात दूर, सावली सांभाळूनच उभी होती. नऊ दिवसांची सवय अशी थोडीच जाणार?

परतताना धुरा अरुंद, एकामागं एक चालण्यापुरता. सूर्य समोर उतरत आलेला. अरुंधती पुढं, रंभाबाई मागं. दहा पावलं गेल्यावर अरुंधतीच्या लक्षात आलं, की आपली लांब सावली सासूबाईंच्या अंगावर पडते आहे. ती झटकन कडेला सरकली. रंभाबाईही कडेला सरकल्या. ती दुसऱ्या बाजूला झाली, तर त्याही तिकडं.

"आई, तुमी पुढं चला ना."

"काहून?"

अरुंधतीनं मागं पडलेल्या सावलीकडं पाहिलं.

"मी त्या दिवशी बोलली, ते खोटं होतं वं," रंभाबाई म्हणाल्या. "माही जीभ वाईट आहे पोरी. तुही सावली नाही." मग डोक्यावरचा पदर मागं सारत त्या म्हणाल्या, "चाल आता अशीच, मधून. मले ऊन लागून राहिलं."

अरुंधती वळली आणि धुऱ्याच्या मधोमध चालू लागली. रिक्षा येईपर्यंत रंभाबाई तिच्या सावलीतूनच चालल्या.