इथे हसू नका

"इथे हसू नका," बोका रंगमंचावरून म्हणाला.

रिकाम्या नाट्यगृहात सहाव्या रांगेत एकट्याच बसलेल्या हशाबाईंनी आधी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. सफाईवाला झाडू टेकवून केव्हाच चहाला गेला होता. म्हणजे हे आपल्यालाच. आयुष्यात त्यांना पुष्कळांनी पुष्कळ काही ऐकवलं होतं, पण हसू नका असं या इमारतीत कोणी म्हणालं नव्हतं. हसण्याचाच तर त्यांना पगार मिळत होता.

बोकाचा प्रयोग असला की हशाबाई साधेसुधे कपडे घालून, हातात फुगलेली पिशवी घेऊन, बाजारातून परस्पर आल्यासारख्या प्रेक्षकांत येऊन बसत आणि जिथे हशा यायला हवा तिथे तो सुरू करून देत. लोकांना हसू येत नाही असं नसतं. येतं, पण घशाशी येऊन अडतं. शेजारचा हसतोय का हे आधी बघतात आणि मग मोकळे होतात. तो शेजारचा म्हणजे हशाबाई. त्यांचं हसू पोटातून निघायचं, भरदार आणि ऐसपैस. ऐकणाऱ्याला वाटावं, या बाईंच्या घरी सगळं कसं छान चाललं आहे. पिशवीत जुनी वर्तमानपत्रं चुरगळून भरलेली असत. त्यांचं खरं नाव कलाकारांपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कोणाचं अडलंही नव्हतं.

बोकाचंही खरं नाव लोक विसरले होते. मिशा तशा, आणि कितीही आपटला तरी पायांवर उभा राहायचा, म्हणून बोका. त्याच्या तोतऱ्या माणसाच्या नकलेवर लोक खुर्च्यांवरून खाली यायचे. रस्त्यात त्याला अडवून म्हणायचे, "एकदा तोतरं बोला ना." तोही बोलायचा.

मग त्याचा धाकटा भाऊ गेला आणि बोका रोज पहाटे प्रार्थनेला जाऊ लागला. सगळ्यांना वाटलं, दुःख ताजं आहे, निवळेल. निवळलं नाही, उलट मुरलं. रंगपटात जिथे पत्ते कुटले जायचे तिथे प्रयोगाआधी दार लावून तो भिंतीकडे तोंड करून बसू लागला. आणि एक दिवस त्याने तोतऱ्याची नक्कल कायमची बंद केली. झालं होतं एवढंच, की प्रार्थनेला त्याच्या शेजारी बसणारा माणूस तोतरा होता. तो मोठ्याने प्रार्थना म्हणायचा, प्रत्येक शब्दाशी झटत, पण प्रत्येक शब्द पुरा करूनच सोडायचा. बाकी सगळे म्हणून मोकळे झाले तरी याचं चालूच. बोका त्याच्यासाठी थांबायला लागला. एकदा थांबायला लागल्यावर नक्कल कुठून जमणार?

नकलांतला तोतऱ्या गेला, मग जाड्या गेला, मग कजाग बायको गेली. मॅनेजरच्या कपाळावरच्या आठ्या वाढत गेल्या आणि नाट्यगृहातल्या रिकाम्या खुर्च्याही. शेवटी बोकाने स्वतःच एक नवा प्रवेश लिहिला. त्याची ही तालीम चालली होती.

प्रवेश साधाच होता. जन्मात कधी प्रार्थना न केलेला एक माणूस पहिल्यांदा प्रार्थना करायला उभा राहतो. टोपी काढावी की ठेवावी हे त्याला कळत नाही. "नमस्कार," तो वर बघून म्हणतो. "आपली ओळख नाही. म्हणजे माझी तुम्हाला असेलच म्हणा. पत्ता सांगून ठेवतो. तिसरा मजला. लिफ्ट बंद आहे. तुम्हाला अर्थात त्याचं काय." इथे हशाबाई बरोब्बर हसल्या होत्या. मग तो माणूस मान वर करून विचारतो, "ऐकताय ना?" आणि थांबतो. बराच वेळ थांबतो. ही शांतता अंगावर यायला लागताच हशाबाईंनी सवयीने ती भरून काढली होती, आणि तेवढ्यासाठी तालीम थांबली होती.

बोकाने त्यांना रंगपटात बोलावून खुर्ची दिली.

"रागावलात का, बाई?"

"मी कशाला रागावू? प्रवेश तुमचा, हशा तुमचा."

"तो माणूस थांबतो ना, तसा मी रोज पहाटे थांबतो," बोका म्हणाला. "खरं सांगतो, काही ऐकू येत नाही. पण त्या थांबण्यात काहीतरी आहे. तिथे तुम्ही हसलात की लोक सुटतात. आणि मीसुद्धा सुटतो."

"आणि पुढे लोक हसलेच नाहीत तर?"

"तर नाही हसले."

"असं म्हणायला पोट भरलेलं लागतं," हशाबाई म्हणाल्या. पूर्वीच्या बोकाने यावर तडाखेबंद उत्तर दिलं असतं. हा नुसता म्हणाला, "खरं आहे तुमचं."

मग त्याने मिशीवरून हात फिरवला. "एक विचारू? इतकी वर्षं माझे विनोद ऐकताय. एखाद्यावर तरी आपणहून हसू आलं का?"

हो म्हणून टाकणं सोपं होतं. पण समोरचा माणूस इतका सरळ बघत होता की हशाबाईंना खोटं बोलायला जागाच सापडली नाही.

"माझं लक्ष वेळेवर असतं," त्या म्हणाल्या. "वाक्य कुठे संपतंय, लोकांचा श्वास कुठे अडलाय. विनोदाकडे बघायला फुरसत कुठे?"

बोकाने मान हलवली. त्याला लागलं होतं, आणि लागल्याचं त्याने लपवलं नाही. "उद्यापासून येऊ नका," तो म्हणाला. "माझा तुमच्यावर राग नाही. पण देवासमोर उभा राहिलेला माणूस दाखवायचा आणि खाली भाड्याचा हशा ठेवायचा, हे आता माझ्याच्याने होत नाही."

भाड्याचा. हशाबाई खुर्चीतून उठल्या तेव्हा त्यांचे कान तापले होते. सगळी हयात ज्यावर घर चाललं त्याची एका शब्दात एवढीच किंमत. देव भेटला म्हणून माणसाने इतकं तोडून बोलावं?

जिन्यात मॅनेजरने त्यांना गाठलं. त्याला सगळं आधीच कळलेलं होतं.

"मावशी, तुम्ही उद्या यायचंय."

"त्यांनी नको म्हटलंय."

"ते म्हणू देत. त्यांना देव सापडलाय, आपल्याला घरभाडं आहे. पहिला प्रयोग आहे, पेपरवाले येणार. त्या शांत जागेत लोक खोकायला लागले की संपलं सगळं. तुम्ही मागे बसा, अंधारात त्यांना दिसणार नाही. तेवढी एक जागा सांभाळा. सांभाळलीत तर मी आहे तोवर तुमची खुर्ची कोणी हलवत नाही. नाहीतर मग माझाही इलाज नाही."

हशाबाई हो म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

घरी नवरा खिडकीशी बसून एका टाइपरायटरला तेल घालत होता. तो टाइपरायटर दुरुस्त करायचा. धंद्यात नाव होतं, पण टाइपरायटरच जगातून उठले, तेव्हा नाव चाटायचं होतं का? हा शेवटचा, कोणीतरी दुरुस्तीला टाकून परत नेलाच नव्हता. घर हशाबाईंच्या हसण्यावर चालत होतं आणि म्हणूनच की काय, घरात हसू नव्हतं. सुट्टीच्या दिवशी कोणी ऑफिसात जाऊन बसतं का?

"चेहरा का असा?" त्याने विचारलं.

त्यांनी सगळं सांगितलं, मॅनेजरच्या बोलण्यासकट. नवऱ्याने तेलाची कुपी बंद केली.

"तुला काय वाटतं? हसावं का तिथे?"

"मला वाटून काय होतंय? घर चालवायचंय."

"तसं नाही. प्रवेश कसा आहे?"

हशाबाईंनी विचार केला. हे त्यांना कोणी कधी विचारलंच नव्हतं. "ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "मी पाहिलाच नाही अजून. मी आपली वेळ बघत होते." मग म्हणाल्या, "उद्या तुम्हीपण चला." इतक्या वर्षांत त्यांनी त्याला एकदाही नेलं नव्हतं. शेजारी घरचं माणूस असलं की हसायची लाज वाटते, असं सांगून टाळत आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं मागच्या रांगेत बसली. पिशवी मांडीवर होती. नाट्यगृह अर्धंमुर्धं भरलं होतं आणि त्यातले निम्मे तोतऱ्याच्या आशेने आलेले. मॅनेजर बाजूच्या दारात उभा होता, तिथून त्याला हशाबाई दिसत होत्या.

बोका आला. टोपी काढली, घातली, पुन्हा काढली. तिसरा मजला, लिफ्ट बंद. लोक थोडेसे हसले. हशाबाई नाही हसल्या, कारण मॅनेजरने सांगितलेली जागा ती नव्हती. त्या पहिल्यांदाच रिकाम्या बसल्या होत्या आणि रिकाम्या माणसाला समोरचं दिसतं. त्यांना दिसलं, की त्या माणसाची टोपी धरलेली बोटं टोपीची कड चाचपत फिरताहेत.

"ऐकताय ना?" त्याने वर बघून विचारलं आणि तो थांबला.

शांतता पसरली. दारात मॅनेजरने मान पुढे केली. हशाबाईंच्या पोटात हसू तयार होतं, सवयीने अगदी वेळेवर आलेलं, फक्त तोंड उघडायचा अवकाश. त्यांना घरभाडं आठवलं. 'भाड्याचा' हा शब्दही आठवला आणि पुन्हा तितकाच झोंबला. आणि तरीही समोरचा माणूस इतका जीव ओतून वर बघत होता, की त्याला उत्तर मिळण्याआधी मध्येच आपण बोलणं त्यांना बरं दिसेना. त्यांनी पिशवी तोंडाशी घट्ट धरली. आतली वर्तमानपत्रं चुरचुरली.

कोणीतरी खोकलं. मॅनेजरने डोळे वटारले, मग हातवारे केले, मग हात खाली सोडले. शांतता लांबत गेली. आपणही वरून काही येतंय का ते ऐकतो आहोत, हे हशाबाईंच्या फार उशिरा लक्षात आलं.

रंगमंचावरच्या माणसाने हळूच टोपी डोक्यावर ठेवली. "बरं," तो वर बघून समजुतीने म्हणाला. "कामात असाल. उद्या येतो." आणि कोणाची झोप मोडू नये तसा चवड्यांवर निघाला.

चार-दोन ठिकाणी पुसटसं हसू उमटलं आणि विरलं. ते विरून गेल्यावर, भलत्याच वेळी, मागच्या रांगेतून एक आवाज आला. बारीक, नाकातून फुटलेला, मध्येच अडकून पुन्हा निघणारा. अशा हसण्याला कोणी चहासुद्धा पाजला नसता. हशाबाईंना तो आवरता येईना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं. या हसण्यापाठोपाठ कोणीही हसलं नाही.

बोका जाता जाता थांबला आणि अंधारात बघू लागला. हशाबाईंचं हसू त्याने हजार हशांतून ओळखलं असतं. पण हे कोणाचं, ते त्याला कळलं नाही. तो आत गेला.

बाहेर पडताना मॅनेजर दारातच होता. त्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही आणि त्याही न थांबता पुढे गेल्या. लोक तोतऱ्या झाला नाही म्हणून कुरकुरत निघाले होते. एक म्हातारा मात्र टोपी हातात धरून चालला होता.

बसथांब्यावर नवऱ्याने विचारलं, "शेवटी नाकातून हसलीस, ते कामाचं हसू नव्हतं ना?"

"कसं कळलं?"

"लग्नाआधी तशीच हसायचीस," तो म्हणाला. "मी विसरलो होतो."

बस लांब चौकात दिसत होती. हशाबाईंनी पिशवीतली वर्तमानपत्रं काढली, थांब्याजवळच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली, आणि रिकामी पिशवी झटकून, नीट घडी घालून काखेत धरली.