माळ्याची ओळ

बाबा आयुष्यभर सार्वजनिक बागेत माळी होते आणि सुटीच्या दिवशी कविता करत. लेक कॉलेजात साहित्य शिकवायची. त्यांच्या एकुलत्या एका संग्रहाची मुद्रितं तिनेच तपासली होती. एका कवितेत बाबांनी जुन्या रूढींना वाळक्या पानाची उपमा दिली होती: 'वाळलं पान फांदी सोडत नाही, नवा कोंब त्याला ढकलतो.' तिला ते 'ढकलतो' खटकलं. माणसाला विवेक कसा सावकाश, आवाज न करता यावा, असं तिला वाटे. तिने कुणाला न विचारता ओळ बदलून टाकली: 'वाळलं पान वेळ झाली की आपसूक गळतं.'

पुस्तक हातात आल्यावर बाबा हसले. "सगळीच झाडं इतकी शहाणी नसतात गं. काही हट्टी असतात, थंडीभर वाळकं पान धरून बसतात. असू दे. तू पुस्तकं वाचतेस, मी झाडं."

तीन आठवड्यांपूर्वी बाबा गेले. त्यांना न्यायला मंडळी निघाली तेव्हा आई चपला घालून फाटकापाशी येऊन उभी राहिली.

"वहिनी, तुम्ही घरीच थांबा," काका म्हणाले. "बायका येत नसतात तिथे. उगाच नवे पायंडे नकोत."

आईने लेकीकडे पाहिलं. लेकीने जमिनीकडे. आज नको, सगळ्यांसमोर वाद कशाला, हळूहळू बदलेल हे सगळं, असं काहीबाही तिच्या मनात येऊन गेलं. आईने चपला काढल्या आणि ती आत गेली.

आज वाचनालयात शोकसभा होती. "ती पानाची वाच," काका म्हणाले. "दादाची झकास कविता आहे ती."

ती वाचायला उभी राहिली. त्या ओळीपाशी आली आणि थांबली.

"ही ओळ बाबांची नाही," ती म्हणाली. "माझी आहे. माळ्याला झाड शिकवायला गेले होते मी."

मागे कुणीतरी हसलं. तिने मूळ ओळ म्हणून दाखवली. मग पुस्तक मिटलं. "बाबांना नेलं त्या दिवशी आई फाटकापाशी उभी होती. बाबांबरोबर जायचं होतं तिला. मी तोंडातून अक्षर काढलं नाही."

काका घड्याळ बघू लागले. कुणीतरी पंखा वाढवला.

सभा संपल्यावर दाराशी आई गर्दीत चपला शोधत होती. लेकीला त्या सापडल्या. तिने वाकून त्या आईच्या पायांपुढे ठेवल्या.

"चांगलं बोललीस," आई म्हणाली. "पण तेव्हाही मी चपला घातल्या होत्या."

लेकीला मान वर करवेना.