टाकीखालचा पैसा

निंगप्पांना पाण्याची भीती वाटते, हे अख्ख्या अक्कलकोट रोडला ठाऊक होतं. माणूस मैंदर्गीचा. पाणी बघायचं ते विहिरीत, नाहीतर कळशीत. एवढा धिप्पाड गडी, शंभर लिटरची टाकी एका हाताने उचलणारा, पण नदीचा पूल आला की टेम्पोत डोळे मिटून बसायचा. त्यांच्या वर्कशॉपात दुधाचे कॅन व्हायचे, हलवायांच्या कढया व्हायच्या, ट्रकच्या डिझेलच्या टाक्या व्हायच्या. जर्मनचं काहीही आणा, निंगप्पा करून देणार. अ‍ॅल्युमिनियमला ते आयुष्यभर जर्मनच म्हणत आले. पण मंद्रूपच्या खालच्या अंगाला भीमेवर होडी चालवणारा सयाजी दारात येऊन म्हणाला, की मालक, माझ्या होडीला टाकी पाहिजे, तेव्हा त्यांनी सरळ हात जोडले.

"होडीत उतरून माप कोण घेणार? माजं डोकं फिरलं न्हाय अजून."

"मी घेते की," आतून श्रीदेवी म्हणाली.

श्रीदेवी त्यांची भाची. आयटीआयला वेल्डिंग शिकली आणि मामाच्या हाताखाली आली. बोलायला कमी, हाताला पक्की. सयाजीची जुनी टाकी कुठल्यातरी भंगारातल्या ट्रकची होती, लोखंडी. तिचा गंज डिझेलात उतरायचा आणि भर नदीत इंजीन बंद पडायचं. बाजारच्या दिवशी होडीत बायाबापड्या, कोंबड्या, ज्वारीची पोती असायची. एकदा सगळी वाहत वाहत पार पलीकडच्या काठच्या मळीच्या रानाला लागली होती. तेव्हापासून सयाजी नव्या टाकीच्या शोधात होता.

मापाच्या दिवशी श्रीदेवी होडीत पालथी पडली. हातात पुठ्ठा आणि कात्री. मागच्या फळीखालची जागा सरळ थोडीच असते? वर रुंद, खाली निमुळती, मध्ये फासळ्या आडव्या येणार. ती पुठ्ठा कापायची, बसवून बघायची, परत कापायची. निंगप्पा काठावर लिंबाखाली उभे राहून ओरडत होते, "बोटभर जागा सोड गं! टाकीला वारा लागला पाहिजे!" आणि ती तिथूनच "व्हय मामा" म्हणत होती.

वर्कशॉपात परत आल्यावर त्या पुठ्ठ्यावरून पत्रा कापला. आत डिझेल डुचमळू नये म्हणून भोकं पाडलेले आडवे पत्रे घातले. पत्र्यांचे सगळे सांदे तिने एकटीने वेल्डिंगने भरले. निंगप्पा मागे हात बांधून बघत राहिले. काय तो हात होता पोरीचा! वेल्डिंगची टॉर्च एका चालीने पुढे सरकायची आणि मागे अशी रेघ उठायची, जशी करंजीच्या कडेला बोटांनी घातलेली मुरड. सायकलच्या पंपाने टाकीत हवा भरली, सांद्यांवर साबणाचा फेस लावला. एक बुडबुडा उठेल तर शपथ.

मग निंगप्पांनी खिशातून त्यांचा पंच, पत्र्यावर ठोकायचा पोलादी ठसा, काढला. 'नि' अक्षराचा. ज्या कामाबद्दल मरेपर्यंत जबाब द्यायची तयारी असेल, त्याच कामावर ते हा शिक्का मारत. श्रीदेवीच्या कामावर पहिल्यांदाच मारला. ती दिवसभर त्या अक्षरावरून बोट फिरवत होती.

टाकी होडीत बसली. खाली रबराच्या पट्ट्या, वरून दोन पट्टे, बोल्ट. सयाजीची म्हातारी आई, बजाबाई, हळदीकुंकू घेऊन आली. "तुमी जरा च्या प्या जावा," म्हणाली, "मी पूजा करते." सगळे चहाला गेले. म्हातारीने पूजा केली. वर्षभर इंजीन एकदाही बंद पडलं नाही.

आणि मग पावसाळा सरल्यावर सयाजीचा फोन आला. "मालक, डिझेल गळतंय. होडीच्या तळात वास मारतोय नुसता. लोकं बसंनात."

निंगप्पांचं टाळकंच सरकलं. त्यांचा शिक्का असलेली टाकी गळते? उभ्या जन्मात नाही! टेम्पोत ते अखंड तोंड चालवत होते. नदीवर पोचले तर काठावर ही गर्दी. बाजारचा दिवस, पण होडीत पाय ठेवायला कुणी तयार नव्हतं. एक जण म्हणाला, "पोरीबाळीनं केलेलं काम हाय, आनि काय हुनार?"

झालं. निंगप्पांनी सगळ्यांसमोर बोट रोखलं. "श्रीदेवी, सांदा फुटला असंल ना, तर आजपासनं टॉर्च बंद. फक्त घासकाम करायचं. मी बोललो ते बोललो."

"बरं," ती म्हणाली आणि होडीत उतरली.

घाटाच्या पायरीवर बसलेली बजाबाई एकटीच शांत होती. "कशाला भ्येताय रं?" ती लोकांना सांगत होती. "होडीत ह्याच्या बापाचा पैसा हाय. भोकाचा, तांब्याचा. त्याच्या करदोड्याला जन्मभर व्हता, नदीनं कदी त्याला हात लावला न्हाय. आता त्यो माज्या सयाजीला राखतोय."

सयाजीने डिझेल कॅनमध्ये उतरवलं. श्रीदेवीने बोल्ट सोडले, टाकी एका अंगावर कलती केली आणि खाली हात घातला. निंगप्पा काठावरून टक लावून बघत होते. त्यांना दिसलं, तिचा हात बाहेर आला तो मुठीत. क्षणभर तिने मूठ उघडून बघितली आणि पटकन ओढणीच्या गाठीत काहीतरी बांधलं.

टाकी काठावर आणली. निंगप्पांनी ती उलटी केली. सांदे सगळे जसेच्या तसे, एकही फुटलेला नव्हता. भोक पडलं होतं ते भलतीकडेच, पत्र्याच्या मधोमध, रबराची पट्टी जिथं टेकत होती तिथं. भोवती पांढरी भुकटी आणि एक हिरवट गोल डाग. मधे पैशाच्या भोकाएवढी जागा तेवढी कोरी.

जन्म जर्मनमध्ये गेलेला माणूस, त्याला सांगायला लागतंय होय? ओल्या जागी जर्मनला तांबं चिकटून राहिलं की तांबं त्याला खाणारच. म्हातारीने पूजा करताना पैसा टाकीच्या पोटाखाली सरकवला होता! निंगप्पांनी आरोळी ठोकायला तोंड उघडलं.

श्रीदेवीने त्यांच्याकडे बघितलं. नुसती मान हलवली. मग सयाजीकडे वळून म्हणाली, "माजीच चूक, दादा. काम कच्चं राहिलं. नवी टाकी करून देते."

गर्दीत कुणीतरी हसलं. निंगप्पांचं उघडलेलं तोंड तसंच राहिलं. गप्प राहायचं म्हणजे त्यांना मरणच, पण राहिले.

टेम्पोत बसल्याबरोबर त्यांचा बांध फुटला. "अगं येडी का खुळी तू? तुजा काय दोष? समद्यांसमोर नाव घालवलंस! माजं बी आनि तुजं बी!"

तिने ओढणीची गाठ सोडली. पैसा हिरवा पडला होता. "मामा, ह्या पैशाच्या जिवावर अज्जी राती झोपती. ह्याच्यामुळं पोराच्या होडीत डिझेल सांडलं, आग बी लागली असती, असं तिला सांगायचं? नवऱ्याची एवढीच वस्तू हाय तिच्याकडं."

"आनि तुजी टॉर्च? मी चारचौघांत बोललोय."

"बोललाय तर ऱ्हाऊ द्या की. नवी टाकी तेवढी करू द्या. मग घासकाम तर घासकाम."

निंगप्पांनी खिडकीबाहेर तोंड केलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते भाचीला दिसलेलं त्यांना चालणार नव्हतं. टॉर्चवर तिचा किती जीव होता हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि ती पोर एका परक्या म्हातारीसाठी ती खाली ठेवायला निघाली होती. आपण असतो तर ओरडून गाव गोळा केलं असतं, हेही त्यांना कळत होतं.

नवी टाकी झाली. पहिलीपेक्षा देखणी. फेस लावला, बुडबुडा नाही. श्रीदेवी वाट बघत राहिली, पण निंगप्पांनी पंच काही खिशातून काढला नाही. "चल, उशीर हुतोय," एवढंच म्हणाले. ती समजायचं ते समजली आणि गुमान टाकी टेम्पोत चढवली.

नदीवर परत तीच गर्दी, तोच बाजार. टाकी बसवून झाल्यावर श्रीदेवी पायरीवर बजाबाईजवळ जाऊन बसली आणि पैसा तिच्या हातात दिला. चिंचेने घासून लख्ख केलेला.

"अज्जी, ह्यो टाकीखाली सापडला. तितं अंधारात त्याला काय दिसनार? होडीच्या तोंडाला बांदा. म्होरचं पानी बघंल तरी."

बजाबाईने पैसा घेतला. उलटा केला, सुलटा केला. मग मागच्या खेपेपासून काठावरच पडून असलेल्या गळक्या टाकीकडे बघितलं. त्या हिरवट डागाकडे, मधल्या कोऱ्या ठिपक्याकडे. बराच वेळ बघितलं.

"पोरी," ती म्हणाली, "माज्या तांब्याच्या हंड्यावर सुनंनं जर्मनचं झाकान ठिवलं व्हतं. सा म्हयन्यात चाळन झाली त्याची. मला कळत न्हाय व्हय?"

श्रीदेवीने मान खाली घातली. बजाबाई गुडघ्यावर हात देऊन उठली आणि अख्ख्या घाटाला ऐकू जाईल अशी ओरडली, "ऐका रं समदी! सांदा पोरीचा फुटला नव्हता! पैसा माजा व्हता, मी ठिवला व्हता! हिनं माज्यासाठनं बोल खाल्ला!" मग तिने श्रीदेवीचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि तिला रडू आवरेना. पोरीलाही आवरेना. त्या दिवशी हसलेला माणूस चपला बघत उभा होता.

निंगप्पा घसा खाकरत पुढे आले. खिशातून पंच काढला आणि हातोडीसकट भाचीच्या हातात दिला. तिने बघितलं. 'नि' नव्हता. नवा कोरा पंच, त्यावर 'श्री'.

"असा का?" तिला काही उमजेना.

"जिचं काम तिचा शिक्का," ते गुरगुरले. "तू बोल खाल्लास त्याच दिवशी करायला टाकलाय. बघतीस काय? मार की."

तिने होडीत उतरून शिक्का मारला. घाव एकच, पण खणखणीत.

सयाजीने इंजीन चालू केलं. पैसा होडीच्या तोंडाला लोंबत होता. बजाबाई पहिली जाऊन बसली. बाकीची मंडळी एकमेकांकडे बघत काठावरच. तेवढ्यात निंगप्पांनी चपला काढल्या, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं आणि "आता बुडालो तर तुज्या मानंवर, श्रीदेवी," असं म्हणत पाण्यात पाय घातला. होडी एका अंगाला कलली. ते थेट टाकीवरच्या फळीवर जाऊन बसले, डोळे घट्ट मिटून, भाचीचा हात धरून.

"मामा, डोळं उगडा की."

"पलीकडं गेल्यावर सांग," ते म्हणाले.

मग बाकीचे एकेक करून होडीत चढले.