मधल्याचा वाटा

तळ्यावर वारा नव्हता, तरी होडी चालली होती.

थोरली बांधावर उभी राहून बघत होती. दोर सुटलेली रिकामी होडी कुणीतरी बोलावल्यासारखी बांधाच्या मधल्या भागाकडे सरकत होती.

वडिलांनी हौसेखातर तळं केलं, मातीचा बांध घातला आणि प्रत्येक मुलाच्या जन्माला बांधावर एक झाड लावलं. झाड ज्याचं, तेवढा बांध त्याचा. भावंडांत भांडणं नकोत म्हणून हा शहाणपणा! पाण्याला बिचाऱ्याला कसल्या कळताहेत वाटण्या? मधला परदेशी जाताना आपलं झाड तोडून गेला. मुळं आतच कुजली. बुंध्याशेजारची माती खचतेय, हे थोरलीला दिसत होतं. पण दुसऱ्याच्या वाट्याला हात लावायचा नाही, हा घरचा नियम. तिने आपला तेवढा भाग लख्ख ठेवला होता.

होडी बांधाला टेकली आणि भोवऱ्यात सापडल्यासारखी जागच्या जागी गोल फिरू लागली. खाली पायथ्याशी एरवी नितळ झिरपणारं पाणी आज बांधाच्या मातीने गढूळ होतं. पायथ्याला लागूनच धाकटीचं घर. धाकटी अंगणात कपडे वाळत घालत होती, नवरा आत झोपला होता.

थोरलीने मधल्याला फोन लावला.

"अरे, तुझ्या भागात पाणी शिरलंय. सांडव्याच्या फळ्या काढून तळं रिकामं करू का?"

"ताई, तुझं आपलं काहीतरीच! सांडवा माझ्या वाट्यात आहे. मी आल्याशिवाय हात लावायचा नाही."

"अरे, पण होडी..."

"वाऱ्याने हलली असेल."

"वारा नाहीये रे!"

ती समजावत राहिली, तो ऐकेना. तिच्या तळपायांखाली बांध जात्यासारखा घरघरत होता. बुंधा एकाएकी जमिनीत गेला, तेव्हा कुठे ती खाली बघून किंचाळली, "पळा! घर सोडा!"

धाकटी टेकाडाकडे धावली. नवऱ्याला हाक मारायला मागे वळली, तर घर नव्हतं.

पाणी ओसरलं. थोरलीचा भाग शाबूत होता, धाकटीचाही. मधल्याच्या जागी पलीकडचं रान दिसत होतं.

धाकटी चिखल तुडवत वर आली. ती रडत नव्हती.

"ताई, मी अंगणातून तुला बघत होते," ती म्हणाली. "किती वेळ फोनवर होतीस. मला वाटलं, निवांत गप्पा चालल्यात. कोण होतं गं?"