पाजलेलं लाकूड

सकाळी अकराच्या सुमारास तपासनीस बाईंनी माझ्या ढिगातली एक फळी उचलली, तिचं टोक कापलं आणि ताज्या कापावर बाटलीतला नारिंगी थेंब सोडला. थेंब जांभळा झाला.

"मावशी, ही स्वच्छ ढिगात कशी?"

"गेली असेल एखादी चुकून," मी म्हणाले. त्यांनी दुसरी घेतली. तीही जांभळी. तिसरी मी स्वतःच तणतणत ओढून दिली, कारण तिच्याबद्दल मला पैज लावण्याइतकी खात्री होती. तीही जांभळीच निघाली.

आमच्या वखारीत जुनं लाकूड येतं. पाडलेल्या घरांचं, कुंपणांचं, मोडक्या बाकांचं. वाळवी आणि बुरशी लागू नये म्हणून त्यातल्या काही लाकडाला कारखान्यातच औषध पाजलेलं असतं. तांबं, आर्सेनिक आणि आणखी कायकाय. आम्ही त्याला नुसतं 'पाजलेलं' म्हणतो. ते वेगळं काढून बंद कंटेनरमध्ये टाकायचं आणि बाकीच्याचा चुरा करून लाकडी बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याला पाठवायचा. पाजलेलं नवं असताना हिरवट दिसतं, पण दहा वर्षं उन्हात काढली की सगळंच राखाडी होतं. म्हणून ही थेंबाची बाटली; पाजलेल्यावर थेंब जांभळा होतो. ती नवख्यांसाठी, असं मी अठरा वर्षं सांगत आले. मी चाकूने एक ढलपी काढायची, नाकाशी न्यायची आणि फळी इकडे नाहीतर तिकडे भिरकावायची. माझ्या नाकाचा वखारीत दबदबा होता. आणि मला त्याचा माजही होता, उगाच खोटं कशाला बोलू.

गेले दोन महिने माझी सर्दी हटत नव्हती. परवा डब्यातली भाजी मी चाटूनपुसून खाल्ली, तेव्हा शेजारी बसलेला फोर्कलिफ्टवाला टकल्या नाक दाबून उठला. "मावशी, आंबलीय ती!" मी म्हटलं, मेल्या, फार नाजूक झालास. आता ते आठवलं.

"बाई, दोन महिन्यांचा माझा सगळा माल थांबवा," मी म्हणाले. "मला वास येत नाहीये." हे बोलता बोलताच मला नातवाची खाट आठवली.

दीड महिन्यापूर्वी एका कुंपणाच्या खेपेतल्या बारा फळ्या मी मालकांना विचारून घरी नेल्या होत्या. रंधा मारला, कडा गोल केल्या, चारी बाजूंनी कठडा केला. लेकीला दुकानातली खाट घ्यायची होती. मी तिला धुडकावून लावलं. रंगही लावू दिला नाही. बाळ चाटतं, रंगात काय असेल कोण जाणे, असं वर तोंड करून सांगितलं.

मी बाटली खिशात घातली आणि निघाले. बस प्रत्येक सिग्नलला थांबत होती. समोरची एक बाई सुट्टे पैसे शोधत बसली, तिच्यावर मी विनाकारण ओरडले. मनात एकीकडे सबब जुळत होती. स्क्रू ढिला राहिलाय म्हणायचं, खाट सुटी करायची, घेऊन जायचं. कोणाला काही कळायचं कारण नाही. दोन थांबे आधीच उतरले आणि चालत, मग धावत सुटले. या वयात मला कोणी धावताना पाहिलं नसेल.

लेकीने दार उघडलं. "आई? आज लवकर सुटलीस?"

"खाटेचा एक स्क्रू ढिला राहिलाय. नेते दुरुस्तीला."

"अगं, जराही हलत नाही ती. बस, पाणी आणते. एवढ्या धापा का टाकतेस?"

आठ महिन्यांचा नातू खाटेत उभा होता. दोन्ही हातांनी कठडा धरून चघळत होता. मला पाहून हसला, तेव्हा त्याच्या हनुवटीवरून लाळ ओघळली. मी त्याला उचलून जमिनीवर ठेवलं. कठड्याला बारीक बारीक खाचा पडल्या होत्या, दोन दोन शेजारी, त्याच्या खालच्या दातांच्या. तिथेच मी चाकूने एक ढलपी काढली आणि सवयीने नाकाशी नेली. काहीच वास आला नाही. मग थेंब सोडला.

"हे काय लावलंस?" लेक पाण्याचा पेला घेऊन उभी होती. "जांभळं कसलं आहे ते?"

सबब अजून जिभेवर होती. पण खाट मी नेली असती, तरी पोरगा दवाखान्यात गेला नसता.

"लाकूड पाजलेलं आहे," मी म्हणाले. "यात विष आहे. माझी चूक झाली. आत्ताच्या आत्ता याला डॉक्टरांकडे नेऊ."

तिने पेला खाली ठेवला. "मी विचारलं होतं तुला. चांगलं आहे ना लाकूड, म्हणून."

"हो."

"काय म्हणाली होतीस?"

"माझं नाक काय खोटं बोलतं का, असं म्हणाले होते."

तिने पोराला उचललं. दवाखान्यापर्यंत ती माझ्या चार पावलं पुढे चालली. मी पोराला घ्यायला हात पुढे केले, तेव्हा तिने त्याला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मला ते लागलं, पण तिचं काही चुकलं नव्हतं.

डॉक्टरांनी विचारलं ते सगळं मीच सांगितलं. एक्केचाळीस दिवस. पुढचा कठडा. रंग नाही. कशाकशाचं औषध असतं तेही. त्यांनी पोराला उलटंसुलटं करून पाहिलं. "तब्येत छान दिसतेय. पण नुसत्या दिसण्यावर जायला नको. रक्त आणि लघवी तपासू. गुरुवारी कळेल."

गुरुवारला तीन दिवस होते. मी कोपऱ्यातल्या बेसिनवर हात धुतले, पुन्हा धुतले, पुन्हा धुतले. साबणाला वास कसला होता, देव जाणे.

नर्स सुई घेऊन आली. पोराला धरायला कोणीतरी हवं होतं. लेकीने सुईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्याला माझ्या मांडीवर ठेवलं.

"तू धर," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "मला बघवत नाही."

मी त्याला कवळून धरलं. सुई टोचली तसं त्याने किंचाळून माझं बोट तोंडात धरलं आणि कडकडून चावा घेतला. दोन्ही दात रुतले. मी बोट काढून घेतलं नाही.