अहवालातली चांदणी

नेब्रास्कातल्या डॅनर्ट गावच्या सरकारी हायस्कुलात मुलं इतकी थोडी, की फुटबॉलचा संघ उभा करताना बँडमधली दोन पोरं ओढून आणावी लागत. पण गावाचा तोरा केवढा! निकाल चांगला लागला तर तो आमच्या शिकवण्यामुळे, वाईट लागला तर कत्तलखान्यात कामाला आलेल्यांच्या पोरांमुळे. असं उघड कुणी बोलत नसे म्हणा. चर्चमध्ये कॉफी पिताना 'गाव बदललं हो' एवढंच म्हणत, आणि समजणारे समजून जात.

रोझॅन कुचेरा या शाळेची समुपदेशक. कुणी कुठला विषय घ्यावा, कुठल्या कॉलेजला अर्ज करावा, कुणाचा बाप पितो, सगळं तिच्या टेबलावर येई. बाई मनाने वाईट नव्हती. हेच तर दुखणं आहे. वाईट माणसाकडून असली कामं कुणी करून घेत नाही, त्याला गोड तोंड लागतं.

मार्चमध्ये मुख्याध्यापक कर्ट स्टेनहॉफ तिच्या खोलीत आला आणि त्याने दार लोटून घेतलं. दोघं याच शाळेत एका वर्गात शिकलेली, त्यामुळे आडपडदा नव्हता.

"अकरावीत नव्याने इंग्रजी शिकणारी पोरं किती झाली?"

"दहा. मिकाएला आली ना जानेवारीत."

"तेच म्हणतोय मी. नऊ असती तर चांदणी मिळाली असती."

आता ही चांदणी काय, ते सांगायला हवं. राज्याची परीक्षा अकरावीला असते, आणि तिच्या अहवालात मुलांच्या प्रत्येक गटाचे गुण वेगळे छापतात. गोरी मुलं, गरीब मुलं, अपंग मुलं, इंग्रजी शिकणारी मुलं. पण गटात दहापेक्षा कमी जण असले, तर गुण कुणाचे ते गावात लगेच ओळखू येतील, म्हणून आकड्याच्या जागी नुसती एक चांदणी छापतात, आणि तो गट शाळेच्या दर्जात धरत नाहीत. नियम केला मुलांची अब्रू झाकायला. डॅनर्टच्या शाळेने त्याखाली स्वतःची झाकली. शिक्षक त्यावरून आपापसात थट्टा करत, आणि भिंतीला कान असतात तसे पोरांनाही असतात.

"गेल्या वर्षी काठावर वाचलो," कर्ट म्हणाला. "यंदा दर्जा घसरला की लोक पोरं शेजारच्या गावी घालणार. मग शाळा बंद, आणि तू नि मी घरी मटार सोलत बसणार."

"मुलगी हुशार आहे, कर्ट. तिचं गणित बघ."

"इंग्रजीचं काय? अठराची झाली ना ती? काउंटीचा प्रौढांचा वर्ग आहे की. तिथून लवकर मोकळी होईल. तिच्याच भल्याचं आहे."

तिच्याच भल्याचं! केसाने गळा कापायचा असला की माणसं हेच म्हणतात. एकविसाव्या वर्षापर्यंत शाळेत बसायचा मिकाएलाला कायद्याने हक्क होता. रोझॅनला तो पाठ होता, तरी तिने मिकाएलाच्या घरी निरोप धाडला.

मिकाएलाची आई पेत्रोना कत्तलखान्यातली पाळी संपवून थेट शाळेत आली. जाळीच्या टोपीचा वळ अजून कपाळावर होता. ती ग्वातेमालाच्या डोंगरातली, तिला तिकडची भाषा येई आणि थोडी स्पॅनिश. फोनवर दुभाष्या मिळाला असता, पण रोझॅनने तो मागितला नाही. मग आईला सांगायचं काम मिकाएलावरच आलं.

"आईला सांग, तुझ्यासाठी काउंटीचा वर्ग जास्त योग्य आहे."

मिकाएलाने सांगितलं नाही. "बाई, मला नर्सिंगला जायचंय. तुम्हीच म्हणालात, इथला दाखला असला की सोपं जातं."

"तिथूनही जाता येतं ग."

"तिथे प्रयोगशाळा आहे?"

"नाही. पण परीक्षा सोपी असते."

"माझं काही चुकलं का?"

"छे, छे. तुझ्याइतकी मेहनती मुलगी नाही आमच्याकडे."

"मग?"

रोझॅनने नाव काढण्याचा कागद पुढे सरकवला. "सांग ना आईला, बाळा."

मिकाएला आईकडे वळली आणि बराच वेळ बोलली, रोझॅन बोलली होती त्याच्या चौपट. आता आई भडकणार म्हणून रोझॅन सावरून बसली. पण पेत्रोनाचा चेहरा उजळला. तिने रोझॅनचा हात दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावला, आणि दाखवलं तिथे सही केली.

"काय सांगितलंस तिला?" रोझॅनने विचारलं.

"तुम्ही म्हणालात तेच," मिकाएला म्हणाली आणि दप्तर उचलून निघून गेली.

शरदात अहवाल आला. शाळेचा दर्जा 'उत्तम', इंग्रजी शिकणाऱ्यांपुढे चांदणी. कर्टने अख्खा अहवाल भलामोठा छापून दाराशी टांगला, निळ्या क्रीमचा केक आणला. रोझॅनने दोन तुकडे खाल्ले आणि गोड झालाय म्हणाली.

त्याच आठवड्यात पेत्रोना धाकट्या लुसियाला नववीत घालायला घेऊन आली.

"मिकाएला कशी आहे?" रोझॅनने विचारलं.

"कत्तलखान्यात, मांस कापायला, सुरीवर," लुसिया म्हणाली. "वर्गाची नि पाळीची वेळ एकच येते. आई विचारते, ती चांदणी ताईचीच ना?"

"कुठली?"

"दारातली. ताई तेव्हा म्हणाली होती, मी इतकी चांगली शिकते की शाळेने मला आधीच पुढे पाठवलंय, माझ्यामुळे शाळेला चांदणी मिळणार आहे. आईने शोधून काढली. बाकीच्यांपुढे नुसते आकडेच आहेत."

पेत्रोना हसून मान हलवत होती.

"हो," ती म्हणाली. "तिचीच आहे." पेत्रोनाला तिने सांगितलेलं एवढंच एक वाक्य खरं होतं.

आई काहीतरी पुटपुटली आणि लुसिया लाजली. "आई म्हणते, मी नीट अभ्यास केला तर मलाही मिळेल का?"

रोझॅनने प्रवेशाचा कागद पुढे ओढला. ही पोर अकरावीत जाईल तेव्हा इंग्रजी शिकणारी बाकीची किती असतील, ते तिच्या मनाने पेन उचलायच्या आतच मोजलं होतं. आठ. हिला धरून नऊ. हिला ठेवता येईल. तिला हायसं वाटलं, आणि तिने लुसियाचं नाव लिहिलं.